मोजणारा आकडा आणि थांबविणारा वस्ताद

व्यायामाइतकी स्वस्त वस्तू दुसरी क्वचितच सापडेल. साडेतीन हात जमीन मिळाली की त्याचे काम भागते. जोर काढावयास दोन हात आणि बैठका मारावयास दोन पाय, एवढेच भांडवल त्यास लागते. ज्या गावी व्यायामशाळा नाही, किंवा असली तरी तिची वर्गणी परवडत नाही, आणि जेथे मुलीबाळींस तेथे जाण्याची सोय नाही, त्या गावच्या कुटुंबांस घरच्या घरी करावयाचा व्यायाम ही मोठीच सोय होय. याविषयी आमचे मुळीच दुमत नाही.

परंतु अलीकडे या साध्या गोष्टीने निराळेच रूप धारण केले आहे. मोबाईलच्या पडद्यावर रोज नवे 'आव्हान' येते. तीस दिवसांत शंभर जोर, एका दमात पाचशे बैठका, पोट आवळून पाच मिनिटे कोपरांवर तोललेले शरीर! पडद्यावरचा शिक्षक घामाने न्हाऊन निघालेला असतो आणि 'आणखी दहा, आणखी दहा' असे ओरडत असतो. घरातील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ते पाहतो, पडवीत सतरंजी अंथरतो आणि पहिल्याच दिवशी शंभराचा आकडा गाठतो. आई कौतुकाने पाहत राहते. या कौतुकात आम्हांसही सामील व्हावयाचे आहे. पण त्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. मुलाने काढलेले ते शंभर जोर हा व्यायाम होता, की परीक्षा?

शाळेत अभ्यास रोज होतो आणि वार्षिक परीक्षा वर्षातून एकदा होते. रोजच परीक्षा घेतली, तर मुलाने शिकावे केव्हा? शरीराचेही तसेच आहे. किती झेपते हे पाहणे ही परीक्षा. जेवढे झेपते त्याहून थोडे कमी, पण नेमाने करून अंगी बळ आणणे हा अभ्यास. आव्हानाच्या नादात या दोहोंची गल्लत होते, आणि तिची किंमत केव्हा केव्हा रुग्णालयात मोजावी लागते.

ही हौस नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे जोर-बैठकांचा आकडा मिरविण्याची चाल फार जुनी आहे. १८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी पहिलवानांची एक चढाओढ लावली होती. तीत बैठकाही होत्या. चारशेहून अधिक मल्ल उतरले. एकेक जण थकून बाजूला होता होता शेवटी पंधरा उरले, आणि त्या पंधरांत एक दहा वर्षांचा पोर होता. त्याचे कोवळे वय पाहून महाराजांनी त्यासच विजयी ठरविले. पुढे सारे जग त्यास गामा पहिलवान म्हणून ओळखू लागले. त्या दिवशी किती बैठका मारल्या, हे त्याचे त्यासही आठवत नव्हते; काही हजार असाव्यात, एवढेच तो सांगे. ही कथा पुष्कळांच्या कानी आलेली असते. तिचा उरलेला भाग सहसा कोणी सांगत नाही. त्या चढाओढीनंतर हा मुलगा आठवडाभर अंथरुणास खिळून होता!

गामाचा पुढील लौकिक खोटा नव्हे. ग्वाल्हेरजवळील दतिया संस्थानाने त्यास आश्रय दिला. १९१० साली लंडनला जाऊन त्याने नाव गाजविले. रोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका असा त्याचा नेम होता, असे सांगतात. पण मेहनत हाच त्याचा धंदा होता, हे आपण विसरतो. त्याच्या खुराकाची आणि मालीशची काळजी दुसरे वाहत होते, आणि मेहनतीनंतर विश्रांती घेण्यास त्यास वेळ होता. दिवसभर शाळा, संध्याकाळी शेताचे काम आणि ताटात भाकरी-कालवण, एवढ्यावर वाढणाऱ्या मुलाने गामाचा आकडा समोर ठेवणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे वेळापत्रक लावण्यासारखे आहे.

आमच्या तालमींत या मोहास आवर घालणारा एक माणूस असे. तो म्हणजे वस्ताद. बेळगाव-कोल्हापूरकडील लाल मातीच्या तालमी असोत, की बडोद्यास प्रा. माणिकराव यांनी नावारूपास आणलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर असो, तेथे शिकणारा मुलगा कोणाच्या तरी नजरेखाली मेहनत करी. नवा पोरगा आला की वस्ताद त्यास थोडक्या बैठका घालावयास लावी आणि मुलगा 'अजून मारतो' म्हणत असतानाच थांबवी. दुसऱ्या दिवशी तो चालतो कसा, जेवतो किती, झोप झाली की नाही, हे तो पाही. आणि मगच संख्या वाढवी. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी 'व्यायामज्ञानकोश' प्रसिद्ध झाला. केवळ 'जोर लावा' एवढेच सांगावयाचे असते, तर दहा खंड कशास लागले असते? व्यायाम ही एक विद्या आहे, आणि कोणत्याही विद्येप्रमाणे तीस पायऱ्या आहेत.

आता परदेशाकडे पाहू. तेथेही परीक्षेचा व्यायाम कसा झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. आजच्या आव्हानांत 'बर्पी' नावाचा एक प्रकार हटकून असतो. उभे राहावयाचे, खाली बसून तळहात जमिनीस टेकावयाचे, पाय झटक्याने मागे फेकावयाचे, पुन्हा जवळ घ्यावयाचे आणि उभे राहावयाचे. हा प्रकार रॉयल बर्पी या न्यूयॉर्कच्या शरीरशास्त्रज्ञांनी १९३९ च्या सुमारास बसविला. त्यांचा हेतू सामान्य माणसाच्या प्रकृतीची झटपट पारख करण्याचा होता. त्यांच्या चाचणीत ही क्रिया फक्त चार वेळा करावयाची असे. आधी आणि नंतर नाडी मोजावयाची आणि ती पूर्ववत किती लवकर होते ते पाहावयाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सेनेने रंगरुटांची कसोटी घेण्यासाठी ही क्रिया उचलली, आणि ठराविक वेळात किती होतात हे मोजण्यास आरंभ केला. पुढे तिला उडी जोडली गेली, जोरही जोडला गेला. आणि आज घराघरांत शंभर-शंभर बर्पी काढण्याच्या पैजा लागतात. ज्वर पाहण्याची नळी रोज शंभर वेळा तोंडात धरल्याने कोणाची प्रकृती सुधारलेली आम्ही ऐकली नाही!

दुसरे उदाहरण 'मर्फ' या आव्हानाचे. एक मैल धावणे, दांड्याला लोंबकळून शंभर वेळा शरीर वर ओढणे, दोनशे जोर, तीनशे बैठका आणि शेवटी पुन्हा एक मैल धावणे; हे सारे वीस पौंड, म्हणजे सुमारे नऊ किलो वजनाचे जाकीट घालून. अमेरिकेच्या नौदलातील लेफ्टनंट मायकेल मर्फी यांचा हा आवडता व्यायाम होता. २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानात, वेढल्या गेलेल्या सोबत्यांसाठी मदत मागता यावी म्हणून ते आडोसा सोडून उघड्यावर आले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. मरणोत्तर त्यांस त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ मे महिन्यातील स्मृतिदिनी हजारो लोक हा व्यायाम करतात. त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु जाणते लोक त्यासाठी कित्येक आठवडे तयारी करतात. ज्यांची तयारी नसते ते निम्माच करतात, आणि जाकीट तर पुष्कळ जण घालीत नाहीत. ज्याची जन्मभराची कमाई त्या व्यायामामागे होती, त्या सैनिकाचा आकडा कोणी एका सकाळी उसना घेऊ नये.

मग घरचा कडक व्यायाम वाईटच काय? मुळीच नव्हे. तो शहाणपणाने कसा बसवावा याचा एक उत्तम नमुना कॅनडात घडला. १९५० च्या दशकात कॅनडाच्या वायुसेनेची काही ठाणी उत्तरेकडील बर्फाळ आणि दूरच्या प्रदेशात होती. तेथे ना मैदान, ना व्यायामशाळा. बिल ऑर्बन या व्यायामतज्ज्ञांनी त्या वैमानिकांसाठी पाच व्यायामांचा आणि अवघ्या अकरा मिनिटांचा एक कार्यक्रम तयार केला. 'फाइव्ह-बी-एक्स' या नावाने तो जगभर पोहोचला. पुढे स्त्रियांसाठी दहा व्यायामांचा आणि बारा मिनिटांचा निराळा कार्यक्रम निघाला. पुरुषांच्या पुस्तिकेत सहा तक्ते होते आणि प्रत्येक तक्त्यात बारा पायऱ्या. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, एका पायरीवर किमान किती दिवस थांबावे हे वयाप्रमाणे ठरवून दिलेले होते. विशीच्या आतील मुलाने एक दिवस, विशीतल्याने दोन, तिशीतल्याने चार, चाळिशीतल्याने सात, पन्नाशीतल्याने आठ आणि साठी ओलांडलेल्याने दहा दिवस. प्रत्येक वयाला कोठवर चढावयाचे, ती मर्यादाही नेमून दिली होती. येथे वस्ताद प्रत्यक्ष हजर नव्हता. पण त्याची समजूत कागदावर उतरली होती. चढ म्हणण्याबरोबरच थांब म्हणणाराही तोच तक्ता होता.

आजचे कार्यक्रम बसविणाऱ्यांनीही सावधगिरी अजिबात सोडलेली नाही. ती आपल्यापर्यंत पोहोचता पोहोचता वाटेत गळून पडते. टोनी हॉर्टन यांचा 'पी-नव्वद-एक्स' हा नव्वद दिवसांचा अमेरिकन कार्यक्रम तबकड्यांवरून घरोघर गेला. त्यासोबत एक पूर्वपरीक्षा होती: हा कार्यक्रम पेलण्याइतके बळ आपल्या अंगी आहे का, हे आधी पाहा. २००९ साली 'इन्सॅनिटी' नावाचा साठ दिवसांचा कार्यक्रम निघाला. या शब्दाचा अर्थच वेडेपणा! इतक्या स्पष्ट नावानंतर आणखी इशारा तो कोणता हवा?

'चार मिनिटांचा टबाटा' हाही असाच प्रकार. जपानी शास्त्रज्ञ इझुमी टबाटा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस सेकंद जीव तोडून सायकल हाणावयाची, दहा सेकंद थांबावयाचे, असे सात-आठ वेळा. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. त्याने दमश्वास लक्षणीय वाढला आणि अल्पकाळ तीव्र श्रम करण्याची शक्ती अठ्ठावीस टक्क्यांनी वाढली. पण प्रयोगात भाग घेणारे तरुण आधीच व्यायामपटू होते, त्यांचे श्रम एका जागी बसविलेल्या सायकलवर मोजूनमापून घेतले जात होते, आणि मुख्य श्रमांपूर्वी अंग तापविण्याचा हलका व्यायाम होत असे. आपल्यापर्यंत त्यातील 'चार मिनिटे' एवढाच शब्द आला.

आता शरीरात काय घडते ते पाहू. कारण समजले म्हणजे इशारा नुसती भीती राहत नाही. सवय नसलेला श्रम केला की स्नायूंच्या बारीक तंतूंस इजा होते. विशेषतः स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागतो, तेव्हा ती अधिक होते. बैठकीत खाली बसताना मांडीचे असेच होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते यामुळे. एवढे स्वाभाविक आहे आणि ते आपोआप बरे होते. परंतु नवख्या माणसाने ईर्ष्येने शेकडो बैठका मारल्या, त्यातही उन्हात आणि पाणी न पिता मारल्या, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यांतील मायोग्लोबिन नावाचा तांबूस पदार्थ रक्तात उतरतो आणि तो गाळताना मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. या विकारास डॉक्टर 'रॅब्डोमायोलिसिस' म्हणतात. १९४१ साली, लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली हातपाय चेंगरलेल्या माणसांच्या मूत्रपिंडांची अशीच स्थिती झाल्याचे डॉक्टरांनी नोंदविले होते. जे तेथे कोसळलेल्या भिंतीने केले, ते येथे माणूस आपल्याच हट्टाने आपल्या मांड्यांचे करतो.

याची खूण प्रत्येक घरात माहीत असावी. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत स्नायू सुजून टणक झाले, दुखणे नेहमीच्या अंगदुखीहून फारच अधिक असले, हातपाय उचलेनासे झाले, आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर तेल चोळीत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि कोणता व्यायाम किती केला ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. वेळीच उपचार मिळाल्यास बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. मुले लाजेने लपवितात. म्हणून आईबापांनी रागावण्याऐवजी विचारावे.

याच शरीराची दुसरी बाजू फार दिलासा देणारी आहे. एकदा थोडा श्रम करून स्नायू दुखले आणि बरे झाले, की पुढील काही आठवडे त्याच श्रमाने त्यांस पूर्वीइतकी इजा होत नाही. पहिल्या दिवशीच्या वीस बैठका क्षुल्लक दिसतात. पण पुढे येणाऱ्या शंभरांसाठी त्या चिलखताचे काम करतात. वस्ताद शास्त्रीय नावे जाणत नसेल. तो नव्या पोरास लवकर थांबवी, त्यामागे हेच मर्म होते.

आकडा किती फसवा असतो हे आणखी एका गोष्टीवरून दिसेल. कोपर आणि पायाची बोटे टेकून शरीर फळीसारखे ताठ धरण्याच्या 'प्लँक' या प्रकारात २०२३ साली चेक देशाच्या जोसेफ शालेक यांनी नऊ तास अडतीस मिनिटांचा विक्रम केला. विक्रम म्हणून तो थोरच. पण पाठीच्या कण्याचे कॅनडातील अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मते सामान्य माणसाने दहा-दहा सेकंदांच्या थोड्या खेपा केल्या तरी पुरे होते. याउलट, ज्याची कोणी पैज लावीत नाही असा एक व्यायाम पाहा. भिंतीस पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखे स्थिर राहावयाचे. दोनशे सत्तर प्रयोगांचा एकत्र अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्थिर राहून करावयाचे व्यायाम रक्तदाब उतरविण्यात सर्वांत प्रभावी ठरतात, आणि भिंतीची बैठक त्यांत अग्रगण्य आहे, असे त्यात आढळले. दोन मिनिटांच्या चार खेपा, मध्ये विसावा, आठवड्यातून तीन दिवस, अशी त्याची साधारण रीत आहे. नवख्याने अर्थातच काही सेकंदांपासून आरंभ करावा आणि श्वास कोंडून धरू नये.

तर मग आमच्या कुटुंबांनी आरंभ कसा करावा? भिंतीस हात टेकून आठ जोर आणि पाटावरून किंवा खुर्चीवरून हात न टेकता आठ उठाबशा, एवढा आरंभ पुष्कळांस पुरेसा आहे. अशा दोन खेपा, एक दिवस आड. पहिला पंधरवडा जेवढे झेपेल त्याच्या निम्मेच करावे. पुढे दर आठवड्यास दोन-दोन वाढवावेत. महिन्याभराने भिंतीऐवजी ओटा, मग गुडघे टेकून जमीन आणि शेवटी पूर्ण जोर. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका दम लागला म्हणजे मध्यम श्रम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असे आहे. अगदी न करण्यापेक्षा थोडेसे केलेलेही बरे, असे तीच संघटना म्हणते. शेतातील आणि घरातील श्रमही त्यात धरले जातात. ज्या माउलीने दिवसभर वाकून भातलावणी केली, तिला संध्याकाळी बैठकांचा हिशेब कोणी विचारू नये; तिला विश्रांती आणि पाठ सरळ करणारे हलके ताण अधिक उपयोगी.

हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांस विचारूनच कडक व्यायाम धरावा. तापातून उठलेल्याने घाई करू नये. उन्हाळ्यात व्यायाम सूर्य वर येण्यापूर्वी उरकावा. छातीत दुखले, भोवळ आली, तर त्याच क्षणी थांबावे. उरलेले दहा उद्यावर टाकल्याने कोणाची लाज जात नाही.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पडद्यावरील शिक्षक घरातल्या मुलास पाहू शकत नाही. काल रात्री तो जागला होता की नाही, सकाळी काही खाल्ले की नाही, हे त्यास कळत नाही. त्यास केवळ आकडा ठाऊक असतो. म्हणून घरात वस्तादाची जागा कोणी तरी घ्यावी. बापाने मुलासोबत उभे राहून निम्मे जोर काढावेत. थोरल्या बहिणीने धाकटीचे आकडे मोजावेत, आणि ठरलेली संख्या झाली की 'बस, आता उद्या' असे म्हणावे. आव्हान घ्यावयाचेच असेल, तर सर्वांनी मिळून एकच घ्यावे: वर्षभर आठवड्यातून तीन दिवस न चुकता थोडका व्यायाम करावयाचा. त्याचे चित्र काढून कोणास दाखविता येणार नाही. पण पुढील वर्षी धान्याचे पोते उचलताना आणि म्हातारपणी पाटावरून आधाराविना उठताना त्याचा निकाल लागेल.